चार वाजताचा नमस्कार

"…मग पाया तरी कशाला पडतात, मौलवीसाहेब? रोज येऊन वाकायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ही कुठली रीत?"

मौलवीसाबांनी चहात फुंकर घातली.



बर्फातल्या चौकीवरचा सैपाकाचा बंकर व्हता त्यो. स्टोव्ह फरफरत व्हता आन् मी कणीक मळत व्हतो. त्या थंडीत कणीक बी रुसून बसती. हाताला दाद देत न्हाई.

इचारनारा आमचा पंडितजी. घैसास आडनाव, वाईचा. पलटनीत जशी बंदूकवाली मानसं असत्यात तशी देवाची बी असत्यात. हिंदूंना पंडित, मुसलमानांना मौलवी. सरकार पगार देतं, नायब सुभेदाराचा मान देतं आन् म्हनतं, पोरांच्या मनाकडं बघा.

पंडितजीचं वय कवळं, पाठांतर दांडगं. झोपेत सुद्धा सुरात घोरायचा.

मौलवीसाब परकार. दापोलीकडचं, कोकनी मुसलमान. पेन्शनीला आल्यालं. दाढी अशी पांढरी, की बाहेरनं आलं म्हंजी दाढी कुठं संपली आन् बर्फ कुठं लागलं ते हात लावल्याबिगर कळायचं न्हाई. त्या दिवशी दुपारीच वर चढून आल्यालं.

"सांगा ना," पंडितजी म्हनला. "तुमची उमर गेली यात."

"चहा घ्या."

"मला चहा नको. मला उत्तर हवंय."

"ते गरम नसतं. हा गरम आहे."

पंडितजीनं मग हातात घेतला, पन पिला न्हाई.

"मी उद्या खाली जाणार," त्यो म्हनला. "सकाळी माणसं खाली उतरणार आहेत, त्यांच्याबरोबर. पिशवी बांधलीय मी. मेजरसाहेबांना तोंडावर सांगणार, मला मोकळं करा. फौजेतून."

"बरं."

"बरं काय? तुम्ही थांबवणार नाही?"

"पिशवी तुमची. नाडी तुम्हीच बांधलीत…"

त्येचं दुखनं काय व्हतं ते सांगतो. आमच्या चौकीवरचा यशवंत भिलारे रॉकेलचा डबा आनाया गेला आन् पायाखालचं बर्फ फाटलं. काढला त्येला, पन उशीर झाला व्हता. त्येचा जोडीदार दौलत खुटाळे. त्येनंच यशवंताला खाली हेलिपॅडपत्तूर खांद्यावर न्हेला. खाली पंडितजीनं मंतर म्हनलं, पानी सोडलं, हेलिकॉप्टर उडालं.

तवापास्नं दौलत मुका. जेवायचा न्हाई, बोलायचा न्हाई. मेजरसाबांनी पंडितजीला वर धाडला. म्हनलं, त्या पोराला बोलता करा, न्हाईतर हातचं जाईल.

आन् पंडितजीनं काय केलं? आत्म्यावर प्रवचन लावलं.

रोज.

पोरं हात जोडून बसायची. जी पंडितजी, जी पंडितजी. त्यातला शिपाई बाबर तर हात जोडूनच झोपायचा, आन् तेवढं बी आदबीनं.

"काल दौलतच्या शेजारी जाऊन बसलो," पंडितजी म्हनला. "म्हटलं, शोक करू नये, शरीर म्हणजे वस्त्र. त्यानं काय केलं माहितेय? उठला. फावडं घेतलं आणि बाहेर बर्फ उपसायला गेला."

"वाट मोकळी झाली असेल."

"चेष्टा करताय माझी?"

"नाही. वाट लागतेच मोकळी."

तेवढ्यात बाहेर शिट्टी झाली. चार वाजल्याची.

आन् बाबर आत आला.

मौलवीसाबांना सलाम ठोकला, माज्याकडं बघितलंच न्हाई, आन् गेला थेट पंडितजीच्या म्होरं. गुडघ्यावर बसला. खाली वाकला. दोन्ही हात बुटाकडं न्हेलं…

पंडितजीनं त्येच्या डोक्यावर हात ठिवला.

"आयुष्मान भव."

बाबर तसाच वाकल्याला. हात बुटाच्या नाडीवर. वर मौलवीसाबांकडं बघितलं त्येनं, खाटकाच्या हातातलं बकरं बघतं तसं.

"कल्याण होईल," पंडितजी म्हनला. "जा."

"जी पंडितजी," बाबर म्हनला आन् गेला.

मी कणकेच्या परातीत पार तोंड घातलं. काय करनार, खोकला आला.

"बघितलंत?" पंडितजी म्हनला. "एक अक्षर नाही. रोज असंच. काल शेडगे आला होता, परवा आणखी कोणी. वाकतो, आशीर्वाद घेतो, चालला."

मौलवीसाबांची दाढी हलत व्हती. पन आवाज शांत.

"हे रोज चारलाच येतात?"

"हो. शिट्टी झाली की."

"शिट्टी झाली की नमस्कार?"

"फौजेची शिस्त," पंडितजी म्हनला. "देवाधर्मालासुद्धा वेळ ठरवून दिलेली असणार. चांगलंय. मी म्हणून तर त्या वेळेला देवळाच्या तंबूतनं हलत नाही. आज तुम्ही आलात म्हणून इकडे बसलो."

मौलवीसाब उठलं. गुडघं धरून, हळूहळू. पलीकडच्या बंकरमदी जायच्या वाटंवर जाड घोंगडी टांगल्याली व्हती. त्येनी ती एका हातानं बाजूला केली.

"या."

"काय आहे?"

"या तर."

पंडितजी उठला. बदकागत चालत गेला. दोन दिस तसाच चालत व्हता, पन मला वाटलं, नवीन बूट चावत असतील. बामनाचं पाय, त्येला बर्फाचं बूट काय झेपत्यात, आसं म्या आपलं मनात हसून घेतल्यालं.

पलीकडं सगळी चौकी खाली बसल्याली. दोघं दोघं, समोरासमोर. सगळ्यांचं बूट काढल्यालं, मोजं काढल्यालं. एकाचा पाय दुसऱ्याच्या मांडीवर. जो तो जोडीदाराची बोटं एक एक करून दाबून बघतोय, उजेडात धरतोय. शिव्या काय, खिदळनं काय… "नखं काप की रं, घारीची औलाद." "तुज्या पायाला काय वास, श्या. शत्रू ह्यानंच पळून गेला."

बर्फात ह्यो नेम हाय. थंडी बोट खाती आन् मानसाला कळत बी न्हाई. म्हनून आपलं पाय आपुन बघायचं न्हाईत. डोळं फसवत्यात. जोडीदारानं बघायचं. चारला शिट्टी, बूट काढा, पाय दावा. साब आला तरी सुटका न्हाई.

पंडितजी बघत ऱ्हायला.

लय वेळ बघत ऱ्हायला.

त्येच्या मानंपास्नं लाली चढली ती कानापत्तूर गेली.

"म्हणजे बाबर…"

"हूं."

"म्हणजे शेडगे… परवाचा तो…"

"चौकीच्या सुभेदारांनी धाडले असतील. पंडितजीला जोडीदार नाही, बघून या म्हणून."

"आणि मी त्यांना…"

"आशीर्वाद वाया जात नाही," मौलवीसाब म्हनलं. "बाबर नक्की शंभर वर्षं जगणार."

मी पुन्हांदा खोकलो.

"मग कोणी सांगितलं का नाही मला?" पंडितजी कळवळून म्हनला. "एकानं तरी म्हणायचं, बूट काढा."

"तुमचा हात डोक्यावर असताना?"

पंडितजीनं त्यो हात पाठीमागं घेतला.

"बसा," मौलवीसाब म्हनलं. "बूट काढा."

"नको. उद्या खाली गेल्यावर डॉक्टर बघतील. आणि मला काही दुखत नाही."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दुखत नाही, ते."

पंडितजीनं आपल्या बुटांकडं बघितलं.  मग खाली बसला आन् बुटाची नाडी सोडाया लागला.  डावा मोजा निघाला. उजवा निघाला.

उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट आन् त्येच्या शेजारचं. मेनबत्तीगत पांढरं.

म्या हातातली कणीक खाली ठिवली. आता हसू येईना.

मौलवीसाब वाकलं. त्येनी बोट दाबलं.

"लागतंय?"

"नाही."

"आता?"

"…नाही."

म्या म्हनलं, "साब, मी धरतो पाय. हात धुतो नि—"

मौलवीसाबांनी हात वर केला. थांब.

घोंगडीपाशी गेलं. पलीकडं त्या कोपऱ्यात दौलत एकलाच बसल्याला. यशवंत गेल्यापास्नं नवा जोडीदार त्येनं घेतलाच न्हाई. सुभेदारसाब सोता येऊन त्येचं पाय बघून जायचं.

"त्याला नको," पंडितजी हळूच म्हनला. "मौलवीसाहेब, त्याला कशाला? तो माझ्याशी बोलतसुद्धा नाही. वाटेल तो बोलवा, त्याला नको."

मौलवीसाबांनी हाक मारली. मोठ्यानं न्हाई.

"दौलत… पाय."

एवढंच.

पोरगं उठलं. बुटाबिगर निस्त्या मोज्यात पाय कोंबलं आन् आलं. त्येला वाटलं आसंल, म्हाताऱ्याचं काय तरी झालं. आत आला तर पंडितजी बसल्याला, उघडं पाय पसरून, तोंड पाडून.

दौलतनं पायाकडं बघितलं.

खाली बसला. बोट धरलं. उजेडाकडं वळवलं. वरनं, खालनं. नखावर दाबलं, सोडलं, वाट बघितली.

आन् मग त्येच्या कपाळाची शीर फुगली.

"कवापास्नं हाय ह्ये?"

 "परवा… बहुतेक."

"परवापास्नं? आन् सांगता आता? अक्कल हाय का गहान ठिवली? पोथ्या एवढ्या पाठ हायेत, त्यात ह्ये न्हाई लिवलं? बोटं तोडाया लागत्यात! माहीत हाय का? कोयत्यानं ऊस तोडल्यागत!"

पलीकडचं खिदळनं बंद पडलं. एकदम. दौलतचा आवाज कुनी किती दिसांत ऐकला नव्हता.

"मला वाटलं—" पंडितजी म्हनला.

"काय वाटलं? तुम्हांस्नी थंडी वळखती? बाजूला बघा आन् गप बसा."

दौलतनं कोटाची चेन वडली. आतला स्वेटर वर केला, बनियन वर केलं. आन् ते दोन्ही गार पाय उचलून आपल्या उघड्या पोटाला लावलं. वरनं कोट घट्ट मिटून घेतला.

त्येचं सगळं अंग शहारलं. दात वाजलं. पन सोडलं न्हाई.

पंडितजी मागं सरकाया लागला.

"अहो, नको… माझे पाय तुमच्या… पोटाला? हे बरं नव्हे. मला पाप लागेल."

"लागू द्या."

"दौलत, सोडा—"

"हलू नगा म्हनलं ना!"

पंडितजी हलला न्हाई.

स्टोव्ह फरफरत व्हता. मौलवीसाब आपल्या पेल्याकडं बघत बसल्यालं. 

लय वेळानं दौलत म्हनला, "यशाचं ह्येच्यापरीस गार असायचं."

पंडितजीनं मान वर केली. छाती भरून घेतली. म्या वळखलं, आता आत्मा निघतोय भाईर. तोंड उघडलं…

मौलवीसाबांनी त्येच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

मोठा खडा. बोलायची सोयच न्हाई.

"रोज म्हनायचा," दौलत म्हनला, पंडितजीकडं न बघता. "म्हनायचा, दौल्या, तुजं पोट म्हंजी आमच्या आयची चूल. सुटीवर गेलो की आयला सांगनार, चूल मिळाली मला फौजेत… लय बडबड्या. पाय माज्या पोटाला लावून समद्या भावकीची भांडनं सांगायचा. मला त्येच्या चुलत्याच्या म्हशीचं नाव सुद्धा पाठ हाय."

पंडितजी गूळ चघळत व्हता. डोळं त्येच्यावर.

"त्या दिवशी डबा आनायची पाळी माजी व्हती."

थांबला.

"म्हनला, तू बस, तुजं पोट गरम ठेव… येतो मी."

बास. म्होरं त्येला बोलता येईना. पन पाय सोडलं न्हाईत. उलट जास्तीच घट्ट धरलं. खांदं हलत व्हतं नुसतं.

पंडितजीनं गूळ गिळला. मौलवीसाबांकडं बघितलं. ह्या खेपंला मौलवीसाबांनी हात हलवला न्हाई.

"हेलिपॅडवर," पंडितजी म्हनला, आन् आवाज त्येचा प्रवचनातला नव्हता… "हेलिपॅडवर मी मंत्र विसरलो."

दौलतनं वर बघितलं.

"यशवंतला पाणी सोडताना. लहानपणापासून म्हणतोय मी तो. पुढची ओळच आठवेना. त्याच्या मिशीवर बर्फ होतं… माझ्याच वयाचा. मी नुसते ओठ हलवले. पंखा वाजत होता हेलिकॉप्टरचा, कोणाला कळलं नाही. तेव्हापासून डोळा मिटला की तेच. प्रवचन करतो ते… थांबलो की ते दिसतं, म्हणून करतो."

दौलत त्येच्याकडं बघत ऱ्हायला.

"मला कळलं व्हतं," त्यो म्हनला. "म्या समोर व्हतो. तुमचं ओठ निस्तं हलत व्हतं. म्हनलं, ह्यो एकलाच मानूस हाय हितं, ज्याची माज्यागत वाचा बसली… आन् मग तुम्ही वर येऊन बोलायाच लागला. थांबंचना."

पंडितजी खाली बघाया लागला. तेवढ्यात—

"आई गं!"

एवढ्या मोठ्यानं वरडला, की पलीकडनं चार मानसं धावत आली.

"काय झालं?" दौलत म्हनला.

"बोटं… आग होतेय… कोणी सुया टोचतंय… आई!"

"दुखतंय?"

"भयंकर!"

"लय दुखतंय?"

"अहो, जीव जातोय माझा!"

आन् दौलत हसला. डोळ्यात पानी, नाकात पानी, आन् हसतोय. दारात उबी ऱ्हायल्याली पोरं बी हसाया लागली. बाबर म्हनला, "दुखतंय म्हंजी पाय वाचला, पंडितजी! आयुष्मान भव!" आन् पळाला.

कोट उघडून दौलतनं बोटं बघितली. लाल भडक, सुजल्याली. त्येनं ती पुन्हांदा झाकली.

"ह्येच्यावर आता चालायचं न्हाई," त्यो म्हनला. "कोरडं मोजं हायेत का?"

"पिशवीत."

पिशवी म्या आनून दिली. बांधून तयार ठिवल्याली, नाडीला दोन गाठी. पंडितजीनं त्या सोडल्या. वरचं कपडं काढून बाजूला ठिवलं, तळातनं मोजं काढलं. दौलतनं आपल्या हातानं चढवलं.

"उद्या चारला," दौलत म्हनला. "मी येनार. डोक्यावर हात ठिवायचा न्हाई."

"उद्या सकाळी ती माणसं…" पंडितजी बोलाया लागला आन् थांबला. बाहेर काढल्याल्या कपड्यांकडं बघितलं. "बरं. चारला."

"आन् माजं कोन बघनार?"

"काय?"

"जोडीदार म्हनल्यावर दोन्हीकडनं असतंय. माजं पाय कोन बघनार?"

पंडितजीनं एकदा मौलवीसाबांकडं बघितलं. मग हात पसरलं. दौलतनं मोजा काढून पाय त्येच्या मांडीवर ठिवला. पंडितजी एक एक बोट दाबून बघाया लागला. पहिल्यांदाच करत व्हता, ते दिसत व्हतं. पोथीचं पान उलटावं तसा हळू.

"लागतंय?"

"लागतंय."

"आता?"

"लागतंय, पंडितजी. समदं लागतंय."

पाय बघून झालं. दौलत उठला, माज्या म्होरं आला. "चपाती हाय का काय, का निस्तं खोकायचं काम चाललंय?" म्या दिली. उबं ऱ्हाऊनच खाल्ली त्येनं, वर दुसरी मागितली. ती हातात घिऊन पलीकडं गेला. तितं जाऊन बसला आन् कुनाला तरी यशवंताच्या चुलत्याच्या म्हशीचं सांगाया लागला.

पंडितजी आयकत बसला.

मग म्हनला, "मौलवीसाहेब… मेजरसाहेब विचारतील, काय केलंत म्हणून. मी काय सांगू? मी तर काहीच केलं नाही."

"हूं."

"पाय माझे गेले होते. शिव्या मी खाल्ल्या. ओरडलो मी. बरं त्याला वाटतंय. हे उलटं नाही का?"

मौलवीसाबांनी पेला खाली ठिवला.

"मी यांना आधार द्यायला आलो होतो."

"हूं."

"मग धर्मगुरू कशाला म्हणायचं मला?"

मौलवीसाबांनी काय सांगितलं न्हाई. वाकून आपल्या बुटाच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला. दुसरा काढला. मोजं काढलं, घडी केली. आन् ते म्हातारं, भेगाळल्यालं पाय उचलून पंडितजीच्या मांडीवर ठिवलं.

पंडितजीनं बघितलं. घटकाभर थांबला. मग दोन्ही हातांनी ते धरलं. बोटं दाबली, तळवं चाचपलं, उजेडाकडं वळवलं…

आन् बुचकळ्यात पडला.

"मौलवीसाहेब, तुमचे पाय तर चांगले ऊबदार आहेत."

"असू देत," मौलवीसाब म्हनलं. "हात गार आहेत तुमचे."